काचेवरची लाल खूण

जीपचा आवाज आला का माझा हात थांबतो. भाकरी तव्यावर आसली तरी थांबतो. आवाज कसा हाय, त्यात ठकठक हाय का, गेल्यावर मागं धूर किती ऱ्हातोय, येवढं कळंपत्तोर मला दुसरं काय सुचत न्हाई, आन् भाकरी करपती, आन् पोरगी म्हणती आये जळतंय. ती आता सातवीत जाती. हे झालं तवा धा म्हयन्याची व्हती.

आमचं दुकान यवतला, हायवेच्या कडंला. पत्र्याचं. म्होरं दुकान, मागं आमी. पंप-नोझलचं काम. डिझेलच्या इंजिनात डिझेल नुसतं ओतत न्हाईत, ते नोझलाच्या बारक्या भोकातनं फवारतं, धुक्यावानी. ते किती जोरानं उघडलं पायजे ते ठरलेलं आसतं. कमी नको, जास्ती बी नको. त्यासाठी आमच्याकडं हातपंपाचं मशीन हाय. नोझल त्याला लावायचं, दांडा दाबायचा, वरच्या मीटरवर काटा चढत जातो आन् एका जागी आला का नोझल उघडतं, कर्र करून बोलतं, फवारा पडतो. काटा खाली ऱ्हायला तर नोझल खोलून आतल्या स्प्रिंगखाली पातळ चकती घालायची, मंग पुन्यांदा दाबायचं.

हे काम दोघांचं. दांडा ह्यांच्या हातात आन् डोळा फवाऱ्यावर. काटा बघायचं काम माझं. मी सातवीतनं शाळा सोडलेली, ते बी सहामाहीच्या आदी, पण काटा बघायला शाळा लागत न्हाई. हे म्हणायचे, लागला का? मी म्हणायची लागला, न्हाईतर म्हणायची अजून न्हाई. लग्न करून कवठ्याहून आले तवा मला वाटलं व्हतं दिसभर चुलीम्होरं बसावं लागंल, आन् हितं मी मशीनशेजारी उभी. गिऱ्हाईकं हासायची. एक ट्रकवाला म्हणला व्हता, "मालक, मालकीण काटा बघती व्हय, मंग तुमी काय बघता?" हे म्हणले, "मी गिऱ्हाईकाचं तोंड बघतो." मला लय बरं वाटायचं त्या कामात. खरंच सांगती, तेवढंच मला येत व्हतं.

पोरीची झोळी मात्र लांब, पार दाराकडं बांधलेली. त्या फवाऱ्याम्होरं बोट जरी गेलं तरी डिझेल सुईवानी कातडीतनं आत शिरतं, आन् वरनं काय दिसत बी न्हाई. ह्यांनी पयल्याच दिशी मला ते चार येळा सांगितलं व्हतं.

आमचं मीटर सेकंडहँड. पयल्या मालकाकडनं ते फरशीवर पडलेलं, तवापास्नं काटा झिरोवर बसत न्हाई. आकडे समदे खोटे. म्हणून ह्यांनी ते पुण्याला न्हेऊन चांगल्या मीटरशेजारी लावून खुणा करून आणलेल्या. साध्या जीपची खूण कडंच्या पत्र्यावर कानशीनं घासलेली. टर्बोची खूण मागनं आली, टर्बो गाड्याच आमच्याकडं उशिरा याय लागल्या, ती काचंवर लाल रंगानं काढलेली. तांदळाच्या दाण्यायवढी.

टर्बो म्हंजी इंजिनात हवा दाबून भरणारं चाक. हवा जास्ती, उष्णता जास्ती, म्हणून डिझेल एकदम बारीक फवारलं पायजे. हे सांगायचे, साधं इंजिन चूक सोसतं, टर्बो सोसत न्हाई. प्रेशर ढिलं ऱ्हायलं का फवाऱ्याच्या जागी थेंब पडत्यात, ते थेंब पिस्टनवर जळत ऱ्हात्यात, आन् एक दिस पिस्टनला भोक पडतं. आन् ते भोक गाडी हुबी आसताना पडत न्हाई. भरलेली गाडी चढाला आसती तवा पडतं. हे मी त्यांच्या तोंडनं इतक्यांदा ऐकलं व्हतं का माझं मलाच पाठ.

आमी धनगर. माझ्या सासऱ्यांपत्तोर, आबांपत्तोर, खांडेनवमीला घोंगडं, काठी आन् लोकर कातरायची कातर पुजायची. मेंढरं गेली. आता पाने, पकडी आन् मशीन पुजायचं. त्या वर्षी मी म्हणलं मशीन आपण लखलखीत करायचं. हे आंघोळीला गेलेले. मी थिनरचा बोळा घितला आन् समदं पुसत सुटले, दांडा, नळी, बूड, आन् मीटरची काच बी पुसली. बोळ्याला लाल रंग लागला तवा माझ्या ध्यानात आलं.

बोळा मी खाली टाकला.

खूण कुठं व्हती ते मला ठावं व्हतं. रोज बघत व्हते. डोळं मिटलं तरी दिसत व्हती. फळीवर तोच लाल रंग, तीच काडी. मी काडी बुडवली आन् जिथं डोळं मिटल्यावर दिसत व्हती तिथं टेकवली. मंग लांब जाऊन बघितलं. बराबर वाटली. मंग पुन्यांदा बघितलं तर वाटलं जरा खाली व्हती का वर व्हती. तेवढ्यात हे आले, वले केस, हातात भंडारा. त्यांनी मशीनवर भंडारा उधळला, मीटरवर बी पडला, लाल खूण पिवळी झाली.

पुजलेल्या हत्याराला आमच्याकडं दसरा उतरंपत्तोर हात लावत न्हाईत. दोन दिस मशीन दाबताच येणार न्हवतं, मंग सांगून तरी काय उपेग, सणाचं वाकडं बोलू नये, आसं मी माझ्या मनाला सांगितलं. दसरा झाल्यावर सांगन. पण खरं म्हंजी मी भ्याले व्हते. हे कवा हात उगारत न्हाईत. पण ते म्हणले आसते, ऱ्हाऊ दे, तू नको बघत जाऊ. त्याचं मला भ्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी सकाळी माझा थोरला भाऊ जीप घिऊन दारात. टर्बो जीप. शिरूरपास्नं न्हावऱ्यावरनं चौफुल्यापत्तोर वडाप करायचा, शीटं मिळाली तर यवतपत्तोर यायचा.

"दाजी," तो म्हणला, "गाडी दमती. भीमेच्या पुलाचा चढ आला का म्हातारीवानी धापा टाकती."

"शीटं किती भरता?" ह्यांनी इचारलं.

"चौदा. टपावर धरली तर सोळा."

"मंग गाडी दमती का गाडीला दमवता?"

"आता आमी वडापवाले. तुमच्यावानी मेंढरं सोडून पंप धरला आसता तर आमी बी असंच शानपण शिकवलं आसतं." आन् माझ्याकडं बघून, "काय बारके, दाजी तुला काटा बघायला ठिवत्यात आन् पगार कोन घेतं?"

मी हासले. चारी नोझलं काढली. हे दांडा दाबाय लागले. पयलं नोझल. काटा चढला, माझ्या खुणंला आला, नोझल उघडलं.

"लागला का?"

"लागला."

हे थांबले. दांडा पुन्यांदा दाबला. "हाताला ढिलं वाटतंय गं. बघ नीट."

मला तवाच बोलता आलं आसतं. भाऊ शेजारी हुबा, चहाचा कप हातात, आबा दारात बसलेले. मी म्हणलं, "खुणंवर हाय."

"आसं व्हय," हे म्हणले. "मंग माझाच हात सणाचं खाऊन आळसावला."

त्यांच्या हाताला बरोबर कळलं व्हतं आन् मी त्यांच्या हाताला खोटं पाडलं. चारी नोझलं त्याच खुणंला जुळवून बसवली. जीप गेली. भावानं हात केला, मी बी केला, आन् जीप वळणाआड गेल्यावर मी मागं जाऊन पाण्याच्या टाकीला धरून बसले.

त्या दिसापास्नं मला झोप म्हणून न्हाई. तशी लागायची, पण भाऊ दिसायचा. भीमेच्या पुलाच्या मधोमध जीप बंद पडलीय, मागनं उसाचा ट्रॅक्टर येतोय, आन् टपावरची माणसं माझ्याकडं बघत्यात, बोलत न्हाईत, नुसती बघत्यात. उठले का पयलं काम, मशीनपशी जायचं आन् खूण बघायची. रोज ती वायली दिसायची. एक दिस वर, एक दिस खाली. मला वाटाय लागलं ती रातच्याला हालती.

आठ दिसांनी एक पांढरी जीप आली, टर्बोच, सोलापूरकडची. लांब चाललेली. गाडी काळा धूर टाकती म्हणून कुन्या ढाब्यावाल्यानं आमचं दुकान दावलेलं. मालकच गाडी चालवत व्हता, मागं बायको आन् मांडीवर पोरगं, माझ्या पोरीयवढंच. ती बाई आत आली, म्हणली, "ताई, दूध गरम करून देता का?" मी स्टोव्ह पेटवला. तिनं पोरगं माझ्या पोरीशेजारी चटईवर ठिवलं. दोघं येकमेकांची बोटं धरून वढत व्हती.

"कुठवर जायाचं?" मी इचारलं.

"नाशिककडं. ह्यांची बदली झालीय. आता तिकडंच."

"वाटंत घाट लागत्यात का?"

"लागत्यात की दोन-तीन. मला तर पोटात कालवतं बाई घाटात." आन् हासली. तिचा येक दात जरा पुढं व्हता.

म्होरनं ह्यांनी हाक मारली. मी गेले. काटा चढला.

"लागला का?"

मला वाटलं आता सांगावं. पण आता सांगितलं तर भावाच्या गाडीचं बी सांगावं लागंल. आठ दिस भाऊ त्याच नोझलावर चौदा माणसं घिऊन पुलावरनं जातोय आन् मी गप बसले, हे सांगावं लागंल. तेवढ्यात हे म्हणले, "आगं लागला का न्हाई?" आन् मी म्हणलं लागला. चार येळा म्हणलं.

ती बाई जाताना पोराचा हात धरून माझ्या पोरीला टाटा करत व्हती. मी गाडीचा नंबर बघितला व्हता. वाचला बी आसंल. पण ध्यानात ठिवला न्हाई. रोज काटा बघणारी मी, चार आकडे ध्यानात ठिवले न्हाईत.

दिवाळी आली. भाऊबीजेला न्हेयाला भाऊ मुराळी म्हणून येणार, ह्या वर्षी तर सोताची जीप घिऊन. मी पोरीचं झबलं बांधलं, आईसाठी करंज्या बांधल्या, आन् त्याची वाट बघत बसले, आन् येऊच नये आसं बी वाटत व्हतं. दुपारी आवाज आला. वळणावरनंच मी वळखला. ठकठक व्हती. जीप दारात हुबी ऱ्हायली आन् मागं धूर, काळा, दाट.

"चल बारके," भाऊ म्हणला, "आई सकाळपास्नं दारात बसलीय."

ह्यांनी पिशवी जीपात ठिवली. मी पोरीला कडंवर घिऊन जीपपत्तोर गेले. पायरीवर पाय ठिवला. इंजिन चालूच व्हतं, ती ठकठक माझ्या तळपायातनं वर आली. मी पाय खाली घितला.

"काय गं?"

"मी न्हाई येत."

आबा दारातनं म्हणले, "माहेरला न्हाई म्हणणारी सून मी पैलीच बघतोय. तुझी सासू तर मुराळी यायच्या आदी तीन दिस पिशवी उशाला घिऊन झोपायची."

भाऊ हासला, पण त्याचं तोंड जरा उतरलं. मुराळी आलेल्या भावाला भैन न्हाई म्हणती म्हंजी गावात काय तोंड दावायचं. "रुसलीस का? फराळाला उशीर झाला म्हणून?"

"ह्या गाडीत माझी पोरगी बसवणार न्हाई मी," मी म्हणलं. "तू बी बसू नको दादा. बंद कर ती. आदी बंद कर."

त्यानं चावी फिरवली. येकदम शांत झालं. हायवे वाजत व्हता तेवढाच. आन् मंग मी सांगितलं. थिनर, बोळा, काडी, भंडारा, समदं. कसं सांगितलं ते आठवत न्हाई. पोरगी रडाय लागली, आबांनी उठून तिला माझ्याकडनं घितली.

हे आत गेले. फळीवर येका डब्यात येक कोरं नोझल व्हतं, टर्बोचं, कंपनीतनं सेट होऊन आलेलं, पाकीट न फोडलेलं. ते कवातरी लागंल म्हणून ठिवलेलं. त्यांनी पाकीट फोडलं, नोझल मशीनला लावलं आन् दांडा दाबला. मी दाराशी हुबी. मला हाक मारली न्हाई. काटा सोताच बघितला. काटा चढला, माझ्या खुणंला आला, आन् नोझल उघडलंच न्हाई. काटा म्होरं गेला, आजून म्होरं, आन् मंग कर्र झालं. फवारा धुक्यावानी पडला.

खूण बोटभर खाली व्हती.

भाऊ माझ्यामागं हुबा ऱ्हाऊन बघत व्हता. तो म्हणला, "बारके, परवा मी टपावर बी माणसं घितली व्हती गं." येवढंच म्हणला. त्यात राग न्हवता. राग आसता तर बरं झालं आसतं.

"आजून कुठल्या?" ह्यांनी माझ्याकडं न बघता इचारलं. "दसऱ्यापास्नं टर्बोच्या कुठल्या कुठल्या केल्या आपण?"

"दादाची," मी म्हणलं, "आन् ती पांढरी. सोलापूरकडची. पोरगं व्हतं बघा."

त्यांनी डोळे मिटले.

भावाची चारी नोझलं काढली, चकत्या घातल्या, येकेक कोऱ्या नोझलाला जुळवलं. दोन तास गेले. काटा तेच बघत व्हते, फवारा बी तेच बघत व्हते, मान वर खाली करून करून घाम आला व्हता. मी म्हणलं, "मी बघू का?" ते म्हणले, "बस तू." तसं काय रागानं न्हाई म्हणले. पण त्यानंतर आजपत्तोर मला त्या मशीनपशी त्यांनी बोलावलं न्हाई. मी बी गेले न्हाई.

जीप चालू केली तवा धूर न्हवता. भाऊ म्हणला आता तरी बस, आन् मी बसले, पोरीला घट धरून. पुलावर मी खाली पाण्याकडं बघितलं न्हाई, इंजिन ऐकत व्हते. ते नीट व्हतं. न्हावरं आल्यावर भाऊ म्हणला, आईला यातलं काय सांगू नको, आन् मी न्हाई सांगितलं.

मी माहेरला व्हते तेवढ्या दिसांत हे त्या पांढऱ्या गाडीमागं फिरले. ज्या ढाब्यावाल्यानं पाठवलं व्हतं त्याला इचारलं. तो म्हणला, रोज पन्नास गाड्या थांबत्यात, मी कुनाकुनाला दावतो. हे दौंडला गेले, तिथनं ओळखीच्या मिस्तरींना एसटीडीवरनं फोन लावले, शिरूरला, नारायणगावला, म्हणले पांढरी टर्बो जीप, सोलापूर पासिंग, नवरा-बायको आन् बारकं पोरगं, नाशिककडं बदलीवर चाललेलं, काळा धूर टाकती का बघा, आली तर थांबवा. नंबर काय, त्यांनी इचारलं. नंबर न्हाई, हे म्हणले. मिस्तरी हासले आसत्याल. ती गाडी कुठंच थांबली न्हाई, न्हाईतर थांबली आसंल ती आमच्या ओळखीच्या मिस्तरीच्या दारात न्हवं.

आता दुकानात पेपर येतो. मी अक्षरं लावून लावून वाचती. घाटातल्या बातम्या आदी. जीप म्हणलं का कुठली, कवाची, त्यात बारकं पोरगं व्हतं का. काईत आसतं. मंग मी त्यात दुसरं बघती, गाडी लाल आसली का मला सुटल्यावानी होतं, आन् दुसऱ्याच्या मेल्या पोरावर मला सुटल्यावानी होतं म्हणून मी माझ्याच तोंडावर मारून घेती.

परवा मी ह्यांना म्हणलं, त्या बाईचं काय झालं आसंल?

ते पाने पुसत व्हते. म्हणले, "कुठंतरी दुसऱ्या दुकानात दावली आसंल गाडी. धूर दिसला का मानूस दावतोच."

"आन् न दावली तर?"

"इतकी वर्सं झाली. ती गाडी कवाच भंगारात गेली आसंल."

"गाडी गेली आसंल हो," मी म्हणलं. "त्यातली माणसं?"

ते पाना पुसत ऱ्हायले. तो कवाच साफ झाला व्हता. मंग म्हणले, "तिचं नाव तरी इचारलं व्हतंस का?"

न्हाई इचारलं. दूध गरम करून दिलं, लेकरं येका चटईवर खेळवली, घाट लागत्यात का म्हणून इचारलं, आन् नाव न्हाई इचारलं. बाहेर येक जीप आली व्हती, हे तिच्याकडं गेले. मी आत उभी ऱ्हाऊन तिचा आवाज ऐकत व्हते.